चिकटवलेली फुलं

नोकरी काढून घेतली आणि हातात फुलं दिली. तीही प्लास्टिकची, सुटी, डब्यात भरलेली. अंधेरीच्या त्या कंपनीत माझ्या सुबोधने मान मोडून काम केलं आणि शेवटच्या दिवशी साहेबाने त्याला हा डबा भेट दिला. वर पुष्पगुच्छाचं चित्र, आत खेळण्यातल्या ठोकळ्यांचे बारीक बारीक तुकडे. ते एकमेकांत दाबून बसवायचे, की गुलाब, सूर्यफूल, लिली असं काहीबाही तयार होतं. डबा बघून माझे यजमान म्हणाले, "ह्येचा काय करूचा आता?" रागावले की ते मालवणीत शिरतात. मी म्हटलं, असू दे, दोन दिवस पोराचा जीव रमेल.

दोन दिवस कसले, वर्ष होत आलं. सुरुवातीला सुबोध मुलाखतींना जायचा, मग घरूनच फोनवर द्यायचा, मग फोनच उचलेना. मित्र येऊन गेले, मग येईनासे झाले. दिवाळीपासून तर तो कांदिवलीच्या आमच्या बिल्डिंगच्या पायऱ्याही उतरला नव्हता. खोलीत बसून एकच उद्योग. दुपारी उठायचा, आंघोळ करायचा, दोन घास खायचा आणि आदल्या दिवशीचा गुच्छ मोडून सगळे तुकडे माझ्या स्टीलच्या परातीत ओतायचा. मग तोच गुच्छ पुन्हा जोडायचा. संध्याकाळी पुरा झाला की एका पेल्यात घालून खिडकीत ठेवायचा, तो दुसऱ्या दुपारी मोडायला. परात त्याच्याकडेच राहिली आणि मी ताटात कणीक मळायला शिकले.

त्या खळखळाटाने आधी माझं डोकं उठायचं. नंतर मला त्याचाच आधार झाला. एकदा त्याला डॉक्टरकडे नेलं होतं. त्यांनी गोळ्या दिल्या आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, याला एकटं सोडू नका. त्याचा अर्थ न कळायला मी काही कुक्कुलं बाळ नाही. घरी आल्यावर ह्यांनी सुबोधच्या दाराची आतली कडी स्क्रू काढून उतरवली. गोळ्या त्याने थोडे दिवस घेतल्या आणि सोडल्या. पुन्हा डॉक्टरकडे चल म्हटलं की भिंतीकडे तोंड करायचा. तेव्हापासून मी घरात कुठेही असले तरी कान त्याच्या दाराकडे असायचे. परातीत तुकडे पडले की मी मनात म्हणायची, आहे, माझं पोर आहे.

आणि बाहेर लोकांना उत्तरं द्यायची ती वेगळीच. "सुबोध सध्या काय करतो?" लग्नात विचारणार, बारशाला विचारणार, भाजीवाल्यासमोर विचारणार. काय सांगू? फुलं जोडतो आणि मोडतो?

असली फुलं जोडणारी आणखी माणसं असतात, हे शेजारच्या शकुने फोनवर शोधून सांगितलं. जोगेश्वरीला वनमालाताईंच्या घरी ती मंडळी रविवारी सकाळी जमायची. मी गेले. मुलाच्या डोक्यात शिरायचं दार घरात सापडेना, म्हटलं, परक्याच्या घरात तरी सापडतंय का बघू.

दार कसलं, तिथे भांडणंच होती. वनमालाताई शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. त्यांचं म्हणणं, फूल एकदा मनासारखं जमलं की गमाने चिकटवून टाकायचं, काचेच्या कपाटात ठेवायचं, मेकअपच्या ब्रशने धूळ झटकायची. रुचिरा म्हणून बँकेतली एक मुलगी होती, ती आधी तुकडे रंगाप्रमाणे वाट्यांत लावायची आणि डब्यासोबत येणाऱ्या पुस्तिकेतली पायरी बघितल्याशिवाय कशाला हात लावायची नाही. आणि वेसाव्याचा कृणाल, कोळ्यांचा पोर, पुस्तिका उघडायचाही नाही. आईच्या वेणीतली अबोली, आरे कॉलनीच्या रस्त्याकडेची घाणेरी, असं काय काय तो जोडायचा आणि निघताना मोडून पिशवीत भरायचा.

"चिकटवलं की फूल मेलं," तो म्हणायचा.

"आणि मोडलं की काय जिवंत राहतं?" वनमालाताई फणकारायच्या.

"अहो, आधी पाकळी सरळ तर लावा दोघं जण," असं रुचिरा.

जग कुठे चाललंय आणि ही शिकलेली माणसं प्लास्टिकच्या पाकळीवरून हमरीतुमरीवर येतात! मला हसू यायचं आणि रागही यायचा. तरी मी रविवार चुकवत नव्हते. निदान तिथे मला कोणी वेड्याची आई समजत नव्हतं.

एका रविवारी मी त्यांना सुबोधच्या गुच्छाचा फोटो दाखवला. वनमालाताईंनी चष्मा वर केला, पुन्हा खाली केला. "सुगंधाताई, हात बघा पोराचा! पुढच्या महिन्यात बोरिवलीला हॉलमध्ये आपलं प्रदर्शन आहे. हा गुच्छ मधल्या टेबलावर ठेवू. चार लोकांनी पाठ थोपटली ना, की आपोआप बाहेर येईल बघा."

मला नेमकं हेच ऐकायचं होतं. वर्षभरात कोणीतरी पहिल्यांदा माझ्या मुलाचं कौतुक करत होतं.

कृणाल मात्र म्हणाला, "काकू, त्याला विचारलंत का? तो रोज मोडतो ना? मोडणाऱ्याचं वेगळं असतं हं."

"माझा मुलगा आहे तो," मी म्हटलं. "मला नको शिकवूस."

पुढच्या रविवारी हे गावी गेले होते, धोंडूभावोजींच्या घरी कार्य होतं. सुबोध सकाळी गाढ झोपलेला. मी पाय न वाजवता आत गेले, वनमालाताईंना दाखवायला खिडकीतला पेला उचलला, शकुला घराकडे लक्ष ठेवायला सांगितलं आणि रिक्षा केली. हायवेवरचे खड्डे काय विचारता! गोरेगाव येईपर्यंत गुलाबाच्या पाकळ्या माझ्या मांडीवर आणि सूर्यफुलाचं डोकं पायाशी. वनमालाताईंच्या दारात पोचले तेव्हा माझे डोळे भरून आले होते.

"रडताय काय? म्हणून तर मी चिकटवा म्हणते," असं म्हणत त्यांनी गमाची बारीक नळी काढली. रुचिराने पुस्तिकेत बघून पाकळ्या एकेक करून लावून दिल्या, वनमालाताई थेंब सोडत गेल्या. जे निसटलं नव्हतं तेही त्यांनी चिकटवलं, प्रदर्शनात धोका नको म्हणून. कृणाल त्या दिवशी आला नव्हता. गुच्छ असा घट्ट झाला की उलटा धरून हलवला तरी काही पडेना. मी त्या बाईचे हात हातात घेतले. घरी आले तेव्हा सुबोध झोपलेलाच होता. पेला होता तिथे ठेवला आणि त्याच्या आवडीची कोलंबी करायला घेतली. वाटलं, जेवताना हळूच सांगू प्रदर्शनाचं.

दुपारी तो उठला, आंघोळ केली, खोलीत गेला. मी वाटण परतत होते. खळखळाट होईना. गॅस बारीक केला, तरी काही नाही. मग खोलीतून टक् असा एक आवाज आला, काहीतरी तुटल्याचा.

तो बाहेर आला तो हातात गुच्छ घेऊन. गुलाबाची एक पाकळी अर्ध्यात तुटली होती. त्याने दुसरी पाकळी धरून ओढली, पिळली, नखाने उचकटून पाहिली. माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने गुच्छ ओट्यावर ठेवला, कोलंबीच्या कढईशेजारी, आत गेला आणि दार लोटून घेतलं.

"अरे, प्रदर्शन आहे बोरिवलीला," मी दाराबाहेरून सांगू लागले. "मधल्या टेबलावर ठेवणार आहेत तुझा गुच्छ. सगळ्यांना इतका आवडला..." माझंच बोलणं मला ऐकवेना.

वर्षभर तुकड्यांचा आवाज होता तोवर मी श्वास घेत होते. तो आवाज मी माझ्या हाताने बंद करून आले होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी कृणालला फोन लावला.

"गमाने? सगळी फुलं?" तो म्हणाला. "वाट लागली काकू. थिनर-बिनर लावू नका हां, प्लास्टिक विरघळेल. फ्रीझरमध्ये ठेवून बघा, गारठ्याने गम कधी कधी तडकतो."

बोंबलांची पिशवी बाहेर काढून मी गुच्छ फ्रीझरमध्ये कोंबला. दाराला कान लावला, पुन्हा फ्रीझर उघडला, पुन्हा दाराशी गेले. पंख्याचा आवाज येत होता. पंखा फिरतोय याचा मला आनंद झाला, आणि आनंद का झाला हे कळल्यावर मी दाराला हात घातला. दार जरासं ढकलून बघितलं. सुबोध परात मांडीवर घेऊन बसला होता, रिकामी. माझ्याकडे न बघता म्हणाला, "दार लाव."

कोलंबी करपली. मी गॅस बंद केला. ह्यांना फोन लावला तर गावात रेंज नाही. मग गुच्छ बाहेर काढला, भाजीची सुरी घेतली आणि त्याच्या दाराबाहेर फरशीवर बसून जोड उचकटायला लागले. एक लिली सुटली. मला वाटलं, जमलं! पुढच्या फुलाचा देठ कचकन मोडला. त्याच्या पुढचंही मोडलं. बोटं गारठून सुन्न झालेली, एक कापलंसुद्धा, तरी मी थांबेना. तेवढ्यात कृणालचाच फोन आला.

"सुटलं का काही?"

"एक सुटलं रे. बाकीची मोडतायत. नवीन डबा कुठे मिळेल? बोरिवलीच्या मॉलमध्ये मिळेल का?"

"काकू, फुलं मरू देत. तो काय करतोय आता?"

"काही नाही. आवाजच नाही."

"मग फोन ठेवा ना!"

मी फोन ठेवला. दार उघडलं ते मी नाही, आतून सुबोधनेच उघडलं. माझ्या पुढ्यातले तुकडे, मोडलेले देठ, रक्ताचं बोट, सगळं त्याने बघितलं.

"नवीन आणते," मी म्हटलं. "अगदी हाच डबा आणते. आत्ता जाते."

"नवीन नको." किती दिवसांनी तो माझ्याकडे बघून बोलत होता. आवाज बसलेला. "आई, रोज रात्री वाटायचं, उद्या उठायचं कशाला. मग मनात यायचं, तो गुच्छ मोडायचा राहिलाय. म्हणून उठायचो. तेवढंच होतं गं. आता मी काय करू?"

उत्तरं देण्यात मी पटाईत. अमक्याला फोन कर, तमक्या कंपनीत अर्ज टाक, लवकर झोप, लवकर ऊठ, मारुतीला जाऊन ये. वर्षभर ह्या पोराला मी उत्तरंच चारली होती.

"मला नाही माहीत रे," मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं. "तुझा आवाज आला नाही की मला भीती वाटते. रोज वाटते. तू काहीतरी करून घेशील म्हणून."

तो चौकटीला टेकून खाली बसला. "मला पण," तो म्हणाला.

तेव्हा माझं लक्ष गेलं की सुरी आमच्या दोघांच्या मध्ये पडली आहे. मी पदराचं निमित्त करून ती हळूच मांडीखाली सरकवली. त्याने बघितलं. वाटलं, आता चिडेल, म्हणेल, एवढा पण विश्वास नाही का.

"लपव," तो म्हणाला. "राहू दे लपवलेली."

मी त्याचं मनगट धरलं. हाडाएवढंच राहिलं होतं ते. "चल. डॉक्टरकडे जाऊ. आत्ता."

"रविवार आहे आज."

"मोठ्या हॉस्पिटलात रविवारी पण असतं कोणीतरी. नसलं तर तिथेच बसून राहू."

तो भिंतीकडे वळेल म्हणून मी वाट बघत होते. तो वळला नाही. परातीकडे एकदा बघून भिंतीचा आधार घेत उठला. माझ्या हातात त्याचं मनगट असल्यामुळे मीही उठले, सुरी पायाने कपाटाखाली ढकलली. त्याच्या चपला कुठे ठेवल्या तेच आठवेना, इतक्या दिवसांत लागल्याच नव्हत्या. ह्यांच्या घरात घालायच्या स्लिपर होत्या, त्या त्याच्या पायात सरकवल्या. एक नंबर मोठ्या होत्या.

जिन्यात आल्यावर शकुने दार उघडून विचारलं, "काय गं सुगंधा, दार सताड उघडं टाकून कुठे चाललीस?"

कुलूप लावायला दोन हात लागतात, आणि माझा एकच मोकळा होता. "तू बघ जरा घराकडे," मी तिला म्हटलं आणि सुबोधला घेऊन पायऱ्या उतरायला लागले.