तापलेला पेनड्राइव्ह

बाबांचा पिल्लांचा धंदा. घराच्या मागच्या खोलीत अंडी उबवायची यंत्रं आणि वरच्या फळीवर आमचा राउटर. यंत्राचं तापमान जरा चुकलं की अख्खी खेप हातची जाते, आणि बाबा एकटे. त्यामुळे घर सोडायला माझा जीव धजत नव्हता. दुसऱ्या गावची चांगली नोकरी चालून आली तेव्हा ठरवलं, तापमान लांबूनच बघायची सोय करायची.

तापमान नोंदवणारा प्रोग्रॅम राउटरवरच एका कंटेनरमध्ये, म्हणजे स्वतःच्या वेगळ्या डब्यात, चालवायचा होता. लांबून घरच्या नेटवर्कमध्ये शिरायला व्हीपीएन हवं होतं. पण राउटरची साठवण नखाएवढी, दोन्ही मावेनात! शेवटी त्याला पेनड्राइव्ह खोचून साठवण वाढवली आणि सगळं त्यावर बसवलं. डोक्याचं भजं झालं, पण चाललं.

नोकरीवर रुजू झाले आणि पहिल्याच दुपारी तापमानाचे आकडे गायब. मी फोनवरच भडकले.

“बाबा, राउटरला हात लावलात?”

“तो पेनड्राइव्ह तापला होता गं, मिरचे. काढून खिडकीत ठेवलाय, गार व्हायला.”

मी कपाळावर हात मारला. बाबा अंडं पापणीला लावून त्याची ऊब सांगतात. जास्त तापलं की बाहेर काढायचं, एवढं त्यांना पक्कं ठाऊक.

“अहो, सगळं त्याच्यावरच चालतं! परत लावा आणि राउटर बंद करून चालू करा.”

“मग आधी सांगायचं ना!”

पुढेही तो तापतच राहिला आणि बाबा काढतच राहिले. मी रोज फोन करून चिडायचे, तोंडी तापमान विचारायचे. मग बोलता बोलता त्यांचा गुडघा, माझी खोली, शेजाऱ्यांची भांडणं असं सगळं निघायचं.

सुट्टीत घरी गेले तेव्हा मधे वायर जोडून पेनड्राइव्ह राउटरपासून लांब, मोकळ्या हवेत टांगला. दुसऱ्या दिवशी बाबांनी तो पापणीला लावून पाहिला आणि पास केला.

त्यानंतर आकडे बिनबोभाट येत राहिले. विचारायला काही उरलंच नाही. आकडा ठीक म्हणजे बाबाही ठीक, असं मी धरून चालले.

आणि एका दुपारी ऐन कामात आकडे थांबले. फोन लावला, तर पहिल्याच रिंगला उचलला.

“बाबा, पिल्लं?”

“मजेत आहेत.”

“मग पेनड्राइव्ह परत तापला का?”

“छे, गार आहे. माझ्या हातातच आहे.”

“मग काढलात कशाला?” मी करवादले.

“काढला की तुझा फोन येतो,” ते म्हणाले. “जेवलीस का?”