रविवारी उघडे दुकान

मित्रांनो, मी सलूनमधली एक जुनी खुर्ची आहे. ओतीव लोखंडाचा पाया, लाकडी हात, लाल रेक्झिन आणि मान टेकायला छोटी उशी. मला घडवून घेतले या दुकानाच्या पहिल्या न्हाव्याने. सगळे त्यांना बाबा म्हणत. "या खुर्चीत बसलं की डोळा लागतोच," असे कुणी म्हटले की मी मनातल्या मनात फुलून जायची.

रविवारी मात्र दुकान बंद. शनिवारी संध्याकाळी बाबा वस्तरे धुऊन पुसून ठेवत आणि माझ्यावर स्वच्छ चादर घालत.

"अहो, सुट्टीच्या दिवशीच तर दाढी करायला सवड मिळते!" गिऱ्हाईक कुरकुरे.

"देवानं सातव्या दिवशी विसावा घेतला. मी कोण मोठा लागून गेलो?" बाबा हसत. सकाळी बायको-मुलाला घेऊन ते चर्चला जात.

पुढे बाबांचे हात थरथरू लागले. वस्तरा मुलाकडे आला. मुलगा कामाला वाघ होता. पण समोर नवे सलून निघाले, तेही रविवारी उघडे, आणि त्याने धसका घेतला. "एवढाच रविवार उघडतो," तो म्हणाला. मग प्रत्येक रविवार 'एवढाच' झाला. चादर कुठे गेली कुणास ठाऊक. माझे रेक्झिन फाटले, त्यावर चिकटपट्टी आली. मुलाच्या डोळ्यांखाली काळे झाले.

दर रविवारी बाबा इस्त्रीचा सदरा घालून, काठी टेकत यायचे आणि बाकावर बसायचे.

"आजोबा, आता तुमचा नंबर का?" एखादा विचारी.

"नाही हो. मुलाला चर्चला न्यायला आलोय."

"एवढं उरकलं की आलोच, बाबा," मुलगा म्हणे. उपासना सुरू होई, संपे, माणसे घरी परतू लागत. बाबा बाकावरच.

एकदा अचानक दुकान रिकामे झाले. मुलगा वरमला. "बसा बाबा, तुमची दाढी करून देतो."

"आज काही करू नकोस रे. तूच बस जरा."

तो बसला. त्याची पाठ दगडासारखी ताठ होती. हळूहळू ती सैल पडली, मान उशीवर टेकली. बाबांनी त्याच्या कपाळावर हात ठेवला. तेवढ्यात दार ढकलून कुणी विचारले, "चालू आहे ना?" मुलगा ताडकन उठला. मला दोन हात आहेत, पण त्याला धरून ठेवता आले नाही. बाबा काठी घेऊन एकटेच गेले.

त्यानंतर बाबा येईनासे झाले. एका रविवारी मात्र दुकान उघडलेच नाही. दुसऱ्या दिवशी पोस्टमन दाढीला बसला आणि म्हणाला, "काल बंद होतं?"

"बाबांना चर्चला न्यायला गेलो होतो."

"गेलात मग?"

"त्यांना आता उठवत नाही, काका. दिवसभर शेजारी बसलो." मुलाचा वस्तरा हवेतच थांबला. "सारखं मलाच विचारत होते, 'आज रविवार ना? माझा मुलगा कधी येईल हो?'"

पोस्टमनने आरशातून त्याच्याकडे पाहिले.

मित्रांनो, तुमच्या घरीही कुणी तयार होऊन वाट पाहत असेल. आठवड्यातला एक दिवस हातातले काम खाली ठेवा आणि त्यांच्याबरोबर निघा, ते आपल्या पायांनी चालताहेत तोवर. हे मला बाबांच्या मुलाला सांगायचे होते. मला बोलता आले नाही.

पोस्टमन उठला. मुलाने माझ्यावरचे केस झटकले आणि पुढच्याला हाक मारली.