कानातलं नाव

कोपरीच्या घरात सकाळपासून नुसती लगबग होती. सरस्वतीच्या भावाच्या, कान्हाच्या, लेकीचं आज मस्कतला बारसं होतं. सरस्वती आत्या. नाव तीच ठेवणार. पण बाळाच्या कानात सांगण्याआधी ते कुणापुढे उच्चारायचं नाही, ही घरची रीत. घरच्या फोनवरून परदेशी फोन लागत नव्हता, आणि बूथवरून सगळ्यांपुढे ओरडून कसं सांगणार? म्हणून जगननं, तिच्या नवऱ्यानं, कॉम्प्युटरला मोडेम आणला होता. चारपर्यंत ईमेल पोचली की कान्हा ती वाचून ऑफिसातून घरी निघणार, आणि आत्याऐवजी तिथली बाळाची मामी त्याच्या कानात नाव सांगणार.

जगन बाहेर तारा जोडत होता, तोवर सरस्वती आत पोथीला बसली. रोजचा नेम होता. वाचताना मध्ये कुणी नको, म्हणून सवयीनं आतल्या फोनचा रिसीव्हर तिनं काढून ठेवला. आता अध्याय संपेपर्यंत तोंडून दुसरा शब्द निघायचा नाही.

"डायल टोन नाही म्हणतोय!" बाहेरून जगनचा आवाज. "पोर्ट बदलला, सेटिंग बदललं, तरी तेच!"

"काय रं जगन, तुजा डबा मुका हाय काय?" सासूबाई सखुबाई हसल्या.

"आये, साडेतीन झाले! लाइनच मेली बघ. एक्स्चेंजला जाऊन येतो."

लाइन? ती तर आतल्या-बाहेरच्या फोनला एकच! सरस्वतीची नजर समईशेजारी गेली. रिसीव्हर तिथंच आडवा पडला होता! तिनं तो झटकन जागेवर ठेवला, धावत बाहेर आली आणि चपला घालणाऱ्या जगनचा हात धरून त्याला खुर्चीकडे ओढलं.

"अगं, काय झालं? बोल की!"

तिनं ओठांवर बोट ठेवलं, आतल्या फोनकडे हात केला.

"पोथी सुरू हाय तिची," सखुबाई म्हणाल्या. "मरंल, पन बोलनार नाय."

जगननं कपाळावर हात मारला आणि बटण दाबलं. टुक टुक टुक... मग किर्र, खर्र, शिट्ट्या. "लागला! आये, लागला!"

सरस्वती आत पळाली. उरलेल्या ओव्या एकही न गाळता वाचल्या, नमस्कार केला आणि येऊन खुर्चीत बसली.

"पाठ करा दोघं तिकडे. बघायचं नाही हं!"

"एवढी मरमर केली मी, आणि मलाच चोरी?"

"अहो, बाळाच्या आधी तुम्हाला कसं कळेल?"

एकेक अक्षर शोधून, एका बोटानं तिनं नाव उमटवलं. पाठवलं. आता सगळे पडद्याकडे डोळे लावून बसले.

उत्तर आलं. 'ताई, मिळालं. कुणाला न सांगता जपून नेतो. फक्त तुझी पाठ इथं नाही, धपाटे कुणाला घालायचे?'

सरस्वतीचे डोळे भरले आणि हसूही आलं. तेवढ्यात तिच्या पाठीत दणकन धपाटा बसला.

"कुर्रर्र!" सखुबाई ओरडल्या. "जगन, बघतोस काय? घाल तूबी!"