बारा शहरं आणि कोरी चिठ्ठी

मित्रांनो, मी एक जुना, जाडजूड आणि थोडासा हट्टी चित्रग्रंथ आहे. जगातल्या बारा मोठ्या शहरांचा इतिहास माझ्या पोटात आहे. उभा केला तर मी पहिलीतल्या मुलाच्या गुडघ्याच्याही वर येतो आणि कुठल्याच दप्तरात मावत नाही. त्यामुळे ग्रंथालयात माझं नाव ‘दरवाजा’ पडलं. पहिल्यांदा मला राग यायचा, आता सवय झाली आहे.

मला घडवायला चार वर्षं लागली. ज्या चित्रकार बाईंनी माझी चित्रं काढली, त्या भलत्याच जिद्दी होत्या. प्रत्येक शहरातला एकच कोपरा त्यांनी तीन वेगवेगळ्या काळांत दाखवला आहे. रोममध्ये आधी देवळं दिसतात, मग त्याच जागी पडक्या खांबांमधून गाई चरताना दिसतात आणि शेवटी छत्र्या घेतलेले प्रवासी दिसतात. लंडनच्या जुन्या पुलावर दोन्ही बाजूंना घरं होती. ती घरं बाईंनी सात वेळा काढली आणि सहा वेळा टराटरा फाडून टाकली. चित्रातल्या खिडकीतून वाकलेल्या बाईला खालचं पाणी खरंच दिसतंय असं वाटेपर्यंत त्यांचं समाधान झालं नाही. पुढे बांधणीच्या कारखान्यात माझे फर्मे, म्हणजे छापून घडी घातलेल्या पानांचे जुडगे, जाड दोऱ्याने शिवले गेले आणि उघडल्यावर टेबलभर पसरणारी घडीची पानं एकेक करून हाताने चिकटवली गेली.

मी आलो तो एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या बालविभागात. तिथे सगळा कारभार शिपाईकाकांचा. पुस्तकं लावायची, धूळ झटकायची, फाटलेली शिवायची आणि गोंगाट झाला की नुसते डोळे वटारायचे, ही त्यांची कामं. पहिल्याच महिन्यात एका मुलाने मला घरी नेलं. परत आलो तेव्हा त्यांच्या कुत्र्याच्या पिल्लाने माझा एक कोपरा चावून चोथा केला होता. काकांनी दोन दिवस खपून तो कोपरा नीट केला. मग पोरांना बजावलं, “हे घरी न्यायचं नाही. इथंच बसून वाचायचं. हात दाखवा आधी!”

असा काही नियम नव्हता, बरं का. तो काकांनी स्वतःच्या मनाने केला होता. पण मी मात्र फुशारून गेलो. आपल्याला कुणीतरी तळहातावरच्या फोडासारखं जपतंय, याहून मोठा मान कोणता, असं मला वाटलं.

अकरा वर्षं मी त्या खोलीतल्या फरशीवर वाचला गेलो. एका वेळी चार-चार मुलं माझ्याभोवती पालथी पडायची. बगदादचा गोल तट बघून कुणी म्हणायचं, “हे तर ताट आहे!” कुणी म्हणायचं, “गप रे, चाक आहे.” संध्याकाळी घंटा झाली की काका मला उचलायचे आणि कमरेवर हात ठेवून कुरकुरायचे, “हा दरवाजा परत इथंच पडलाय!” एकही दिवस मी कपाटात स्वस्थ बसलो नाही. माझी पानं हात लागून लागून मऊ झाली. फक्त शेवटच्या पानावर चिकटवलेली तारखेची चिठ्ठी जवळजवळ कोरी राहिली. पुस्तक घरी गेलं की त्या चिठ्ठीवर शिक्का पडतो. माझ्या चिठ्ठीवर शिक्का एकच होता, तोही पिल्लाच्या घरचा.

मग नव्या ग्रंथपाल बाई आल्या. त्या वाईट नव्हत्या. नवी पुस्तकं खोक्यांत गुदमरत होती आणि कपाटं भरलेली होती, म्हणून त्यांनी सरळ काम हातात घेतलं. पाच वर्षांत ज्याच्या चिठ्ठीवर शिक्का नाही ते पुस्तक बाद. शनिवारी गाडी येणार आणि बाद पुस्तकं कागदाच्या गिरणीत लगदा व्हायला जाणार. हे काम त्या सकाळी करत. त्या वेळी मुलं शाळेत असतात आणि फरशी रिकामी असते. शुक्रवारी सकाळी त्यांनी माझं शेवटचं पान उघडलं, यादीत माझं नाव लिहिलं आणि मला ढिगावर ठेवलं. माझी पाचावर धारण बसली. माझं पहिलं पान तरी उघडा, असं मला ओरडून सांगायचं होतं.

त्या दिवसांत तिसरीतली एक मुलगी मला वाचत होती. तिची आई समोरच्या शिवणकामाच्या दुकानात कामाला होती आणि तिचं काम संपेपर्यंत मुलगी माझ्यापाशी असायची. ती रोज एकच शहर वाचायची. गुरुवारी लिस्बन होतं. पहिल्या चित्रात भरलेलं बंदर, दुसऱ्यात भूकंप, आग आणि धावणारी माणसं. तिसरं चित्र घडीत होतं. ती घडी उघडणार तेवढ्यात घंटा झाली होती.

“काका, परत बांधलं का हो त्यांनी ते गाव?” तिने विचारलं होतं.

“उद्या येऊन बघ,” काका म्हणाले होते.

शुक्रवारी ती आली तर मी जागेवर नाही. तिने सगळी कपाटं पालथी घातली आणि काकांना हाताला धरून ओढलं. काकांना मी ढिगात दिसलो. ते मला उचलून तडक बाईंच्या टेबलापाशी गेले.

“मॅडम, हे चुकून गेलं. हे तर रोज वाचतात पोरं.”

“काका, चिठ्ठी बघा ना. अकरा वर्षांत एक तारीख. एवढं आवडतं तर कुणी घरी का नेलं नाही?”

काका खाली बघत म्हणाले, “मीच नेऊ दिलं नाही.”

“कुणी सांगितलं होतं तुम्हाला तसं?”

“कुणी नाही. खराब होईल म्हणून... मीच.”

मित्रांनो, मला त्यांची फार दया आली. मला वाचवायला म्हणून त्यांनी जे केलं, त्यानेच मी ढिगावर पोचलो होतो. बाईंचा आवाज जरा मऊ झाला. “यादी मी वर पाठवलीय, काका. तुमच्या शब्दावर नाव खोडता येणार नाही. पण आज कुणी रीतसर नेलं, शिक्का पडला, तर खोडता येईल.”

“मी नेते,” मुलगी म्हणाली.

“अगं, तुझ्यापेक्षा वजनदार आहे तो. थांब, मी सोडतो घरापर्यंत.”

“नको. तुम्ही वाटेतनं परत घेऊन याल.”

बाईंना हसू आवरेना. अकरा वर्षांनी दुसरा शिक्का धाडकन पडला. माझ्या जिवात जीव आला.

तिने मला छातीशी दोन्ही हातांनी कवटाळलं. तिला पुढचं काही दिसत नव्हतं. टपाल कचेरीच्या कट्ट्यावर तिने मला टेकवलं, मग चांभाराच्या पायरीवर, मग एका उभ्या सायकलच्या कॅरिअरवर. काम संपवून आलेली आई मागून दप्तर घेऊन येत होती. “दे गं माझ्याकडे,” ती दर वळणावर म्हणायची आणि मुलगी दर वळणावर मान हलवायची. घर चौथ्या मजल्यावर होतं. तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात तिचा पाय चुकला.

मी सहा पायऱ्या खाली आदळलो. माझा कणा मोडला आणि लिस्बनची घडी अर्ध्यापर्यंत फाटली. खूप दुखलं, खोटं कशाला बोलू? मुलगी पायरीवर बसून हमसून हमसून रडली. मग तिने फ्रॉकला हात पुसले, घडीचे दोन्ही तुकडे जुळवले आणि तिसरं चित्र बघितलं. सरळ, रुंद रस्ते होते आणि पुन्हा भूकंप झाला तरी घरं टिकावीत म्हणून नव्या भिंतींत बसवायचे लाकडी सांगाडे होते.

“आई, बांधलं त्यांनी,” ती नाक ओढत म्हणाली.

सात दिवसांनी तिने मला चादरीत गुंडाळून परत आणलं आणि दारातच सगळं सांगून टाकलं. काकांनी चादर सोडली. माझा पुठ्ठा लोंबत होता. आता हे मला काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवणार, अशी माझी खात्रीच झाली. काका बराच वेळ माझ्या कण्यावरून बोट फिरवत राहिले. मग सुई, जाड दोरा आणि खळ घेऊन बसले. दोन दिवस त्यांनी मला शिवलं, पाठीला नवं कापड लावलं आणि वजनाखाली वाळवलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला कपाटात ठेवलंच नाही. दारासमोरच्या टेबलावर ठेवलं आणि शेजारी स्वतःच्या अक्षरात पाटी लावली : ‘घरी न्या.’

तेव्हापासून माझी पाठ आणखी तीनदा शिवून झाली आहे. एका पानावर दूध सांडलं आहे, एकावर कुणाच्या तरी आजोबांच्या चष्म्याचा ओरखडा आहे. म्हणून मित्रांनो, माझी कळकळीची विनंती आहे. हात धुऊन या, मला दोन्ही हातांनी धरा, पान कोपऱ्यातून उलटा. पण भीतीपोटी मला कपाटात ठेवू नका. मला अजून पुष्कळ जिने चढायचे आहेत.

परवाच एक बाबा आपल्या लेकासाठी मला उचलत होते. वजन बघून ते बिचकले. “एवढं जुनं पुस्तक आहे. आमच्याकडे फाटलं-बिटलं तर?”

काका शिक्का उचलत म्हणाले, “फाटलं तर घेऊन या. मी बसलोय शिवायला.”