भिंतीकडची बाजू

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे. मला भेटायचे असेल तर तुम्हाला आधी अंग तिरके करावे लागेल, कारण दिघी गावठाणातला आमचा बोळ सरळ चालणाऱ्या माणसालाही अंग चोरायला लावतो. बोळ संपला की लोखंडी जिना लागतो. त्याच्याखालून वाकून आलात की छोटा चौक, चौकाभोवती भाड्याच्या खोल्या, आणि एका भिंतीला डावे अंग चिकटवून उभी असलेली मी. ही जीप आत आणली कशी, असे प्रत्येक नवा भाडेकरू विचारतो. मला कोणी आत आणलेले नाही. मी होते तिथेच उभी राहिले आणि घरे माझ्याभोवती येऊन बसली.

तरुणपणी मी हवाई दलात नोकरीला होते. अंगाला निळसर करडा रंग, दोन्ही बाजूंना तिरंगी गोल, आणि पाठीवर मोठ्या अक्षरांत पाटी, ‘फॉलो मी’. म्हणजे माझ्या मागून या. विमान धावपट्टीवर उतरले की त्याला कुठे उभे राहायचे ते ठाऊक नसते. मी पुढे निघायचे आणि त्याने मुकाट्याने मागून यायचे. आभाळात गुर्मी करणारी ती विमाने जमिनीवर माझे शेपूट धरून चालत. हे सांगताना अजूनही माझी मान ताठ होते, आता ती वळत नसली तरी.

पुढे नव्या गाड्या आल्या आणि मला लिलावात काढले. दिघीच्या दत्तोबांनी मला घेतले. त्यांच्याकडेही माझे दिवस बरे गेले. कांद्याची पोती घेऊन मी चाकणच्या बाजाराला जाई. नवा रंग द्या, असे कोणी सुचवले की दत्तोबा म्हणत, “सरकारी रंग हाय त्यो. घालवायचा न्हाई.” त्यांचा मुलगा बबन तेव्हा शाळेत होता आणि शाळा सोडून बाकी सगळा वेळ माझ्या अंगाखांद्यावर असे. एकदा त्याने खिळा घेऊन माझ्या अंगावर कोरायला सुरुवात केली आणि दत्तोबांच्या हातचा सणसणीत मार खाल्ला.

दत्तोबा गेले. माझे इंजिनही थकले. बबनने मला गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवले, ‘तात्पुरते’ म्हणून. मित्रांनो, तात्पुरते या शब्दावर कधी विश्वास ठेवू नका.

कारखान्यांत कामाला गावोगावची माणसे आली. त्यांना खोल्या हव्या होत्या. बबनचा आता बबनराव झाला होता. त्याने समोर खोल्या बांधल्या, मग बाजूला बांधल्या, मग गोठ्याचीच खोली केली. शेवटी वरच्या मजल्यासाठी जिना आला, आणि जिन्याला जागा उरली होती ती एकच, माझ्या बाहेर पडायच्या वाटेत. मिस्त्री म्हणालासुद्धा, “बबनराव, जीप आत अडकंल.”

“अडकू दे,” बबनराव म्हणाले, “तिला कुठं जायचंय?”

त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली.

नंतर बबनरावांच्या धाकट्या मुलाचे, पिंटूचे लग्न निघाले. वऱ्हाडाच्या फोटोत जीप झळकली पाहिजे, असे ठरले. रंगाऱ्याने मला तीन बाजूंनी पॉलिश पेपरने खरवडून घासले आणि हळदीसारखा पिवळा रंग फासला. चौथ्या बाजूला त्याचा हातच पोचेना. “ती कोणाला दिसतीय?” म्हणत त्याने डबा बंद केला. माझ्यासोबत खूप फोटो निघाले. वरात मात्र बोळाबाहेर उभ्या असलेल्या दुसऱ्या गाडीतून गेली.

त्यानंतर माझ्याकडे कोणी पाहिले नाही. बबनरावांच्या पत्नी छबूबाई बॉनेटवर पापड वाळवत. भिंतीच्या आणि माझ्यामधल्या फटीत फुटकी कौले अन् पत्र्याचे तुकडे कोंबले गेले. वरून विमाने जात. चौकातून आभाळाचा घोंगडीएवढा तुकडा दिसतो, त्यातून क्षणभर एखादे पोट दिसे आणि जाई. त्यांना उतरल्यावर वाट कोण दाखवत असेल, असा विचार करत मी उभी असे. माझा जीव अक्षरशः गुदमरे. चाके असून जागचे हलता येऊ नये, याहून वाईट काही नाही.

मग बबनरावांची नात तेजस्विनी माझ्याभोवती घुटमळू लागली. ती इंजिनीअरिंगला आहे आणि संगणकावर विमाने उडवते. म्हणजे खेळच तो, पण त्यातली धावपट्टी, वारा, ढग, सगळे खऱ्यासारखे. त्यातल्या विमानांना आणि गाड्यांना खऱ्या नोकरीतले रंग चढवून द्यायचे, हा तिचा छंद. त्याला ती रिपेंट म्हणते. आता ती जुन्या काळचा एक लष्करी विमानतळ रंगवत होती आणि विमानांपुढे धावायला तिला मी हवी होते.

तिने नखाने पिवळा रंग उकरला. खाली नुसता तांबडा प्रायमर निघाला. घरातला माझा एकुलता फोटो काळा-पांढरा. शेवटी बॉनेटच्या कडेपाशी तिला करड्या रंगाची एक उन्हाने विटलेली टिकली सापडली. तेवढ्यावरून अंदाज बांधत ती किती दिवस बसली होती! डावी बाजू तर तिने पाहिलीच नव्हती. कौलांनी भरलेल्या फटीत बोटही जात नव्हते. तिने उजवीच बाजू उलटवून तिकडे लावली.

चित्र पूर्ण झाले तेव्हा लॅपटॉप तिने माझ्याच बॉनेटवर ठेवला. पडद्यावर मी उन्हातून धावत होते आणि माझ्यामागून विमान येत होते. बबनराव लहान मुलासारखे हसले. “आरं तिच्या! हीच ती! म्हाताऱ्यानं घरी आणली तवा अशीच व्हती.”

मला वाटले, आता माझे दिवस फिरले. फिरले खरे, पण भलतीकडे.

“झाक झालं,” बबनराव छबूबाईंना म्हणाले. “आता ती कंपुटरात कायमची बसली. मग हितं लोखंड कशाला अडवून ठिवायचं? एक खोली निघंल.”

“म्या कवाची म्हणतीय,” छबूबाई म्हणाल्या.

तेजस्विनीचा चेहरा पडला. “आबा, ते फक्त चित्र आहे. आणि त्यातली डावी बाजू खोटी आहे.”

“कुणाला कळतंय?”

“मला कळतंय ना!”

पण रविवारी सकाळी भंगारवाला नवनाथ गॅस कटर आणि सिलिंडर घेऊन बोळातून आलाच. मला एकदा पाहिले, जिन्याकडे पाहिले आणि म्हणाला, “अख्खी नाही निघणार, मालक. तुकडेच करावे लागतील.”

मित्रांनो, मला पळून जाता आले असते तर मी भिंत फोडून गेले असते. तेजस्विनी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. “आधी मला डावी बाजू बघू द्या. मग काय ते करा.”

“बघ, आन् बाजूला हो,” बबनराव म्हणाले.

ज्या भिंतीला मी चिकटले होते, तिच्यापलीकडे निरंजन राहतो. तो मूळ बीडकडचा, चाकणच्या कंपनीत कामाला. रात्रपाळी करून आलेला, तरी बनियनवरच बाहेर आला. “लावा हात मालक. रोज लाइनवर गाड्याच ढकलायलोय मी.” कौले उपसली, चाकांखाली पहारी घातल्या. माझी चाके अशी किंचाळली की छबूबाईंनी कान झाकले. मी हातभर सरकले.

तेजस्विनी फटीत शिरली. खाली गंज होता, पण वर माझा रंग होता. ना ऊन लागलेले, ना पॉलिश पेपर. निळसर करडा, तिरंगी गोलासकट, नोकरीत होता तसा. तिने फोन शेजारी धरून पाहिला. तिच्या चित्रातला रंग पार हिरवट होता.

“मी चुकले होते,” ती म्हणाली. मग ओढणीने धूळ पुसताना थांबली. “आबा, इथे काहीतरी कोरलंय.”

बबनराव पोट आत घेऊन फटीत शिरले. वाकडीतिकडी अक्षरे होती. ‘बबन’. त्यातला शेवटचा न अर्धाच, कारण तेवढ्यात दत्तोबा आले होते. बबनरावांनी त्यावरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला.

“म्हाताऱ्यानं पुरा करू दिला न्हाई,” ते म्हणाले.

“मालक, पेटवू का?” बाहेरून नवनाथने विचारले.

“न्हाई. जा तू.” बबनराव बाहेर आले ते जिन्याकडे बघत. “ह्यो जिना काढाय लागंल. दिवाळी झाली की बघू.”

“आबा, हे नाव चित्रात घालू का?”

“नको. त्ये काय सरकारी रंग न्हाई. त्ये माझं हाय.”

तेजस्विनीने चित्रातला रंग सुधारला. आता कुठल्या कुठल्या गावची मुले विमान उतरवतात आणि मी त्यांच्यापुढे धावते म्हणे. मी स्वतः अजून इथेच आहे. कोणती दिवाळी, ते बबनराव बोलले नव्हते. पण माझ्या डाव्या अंगाला हातभर वारा लागतो, आणि रोज सकाळी चहा पिऊन झाला की एक म्हातारा त्या फटीत उभा राहून जातो.

मित्रांनो, जुन्या वस्तूचे चित्र जरूर काढा, पण चित्र निघाले म्हणून वस्तू मोडू नका. निदान मोडण्याआधी तिला भिंतीपासून जरा सरकवा आणि मागून फिरून या. कदाचित तिथे तुमचेच काहीतरी अर्धे राहिलेले असेल.

तेजस्विनीने माझ्या पाठीवर पुन्हा पाटी लावली आहे, ‘फॉलो मी’. माझ्या पुढे जिना आहे. मी तयार आहे.