चिमीचे पाच उघडे डोळे

आमच्या भाऊजींना जगात एकाच गोष्टीचं भय: लोक काय म्हणतील. माझी भाची चिमी जन्मली तीच उजवी पापणी अर्ध्यावर लोंबकळत. पोरीला दिसतं का, हे विचारायच्या आधी या गृहस्थांनी मला विचारलं, "फोटोत लपेल ना?"

माझा फोटो स्टुडिओ. मी लपवलं. दर वाढदिवसाला चिमी यायची, समोरचं दिसावं म्हणून हनुवटी वर करून बसायची. मी कॉम्प्युटरवर तिचा डावा डोळा उलटा करून उजव्यावर चिकटवायचो. ताई खूश, भाऊजी खूश. पाच वर्षं हेच चाललं.

शेवटी शाळेतल्या बाईंनी कान उपटले, तेव्हा कुठे स्वारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली. तिथेही शहाणपणा! "हे अलीकडेच झालंय, जरासं," म्हणून ठोकून दिलं. डॉक्टर म्हणाल्या, "मला जन्मापासूनचं वाटतंय. गुरुवारी ऑपरेशन करून पापणी उचलू. तोवर जुने फोटो आणा, म्हणजे खात्री होईल." भाऊजींनी ऐटीत अल्बम नेला. उंटावरचा शहाणा दुसरा कोण असतो?

फोटो पाहून डॉक्टरांचा चेहराच उतरला. "गेल्या वर्षापर्यंत डोळा टक्क उघडा होता? मग थांबा. मेंदूत काही झालंय का, ते आधी बघावं लागेल." ऑपरेशन रद्द. आता चिमीला भूल देऊन मेंदूची तपासणी होणार होती.

आणि आमचे भाऊजी? तोंडात मिठाची गुळणी धरून घरी आले. ताईचा मला रडत फोन, "तू काही बोलू नकोस रे, ते खोटे पडतील." पोरीला विनाकारण भूल दिलेली चालेल, पण यांची अब्रू मात्र जाता कामा नये! मला संताप आला. दुसऱ्या दिवशी मूळ फोटो घेऊन मीच गेलो. चिमीला घेऊन ती दोघं आधीच तिथे बसली होती.

डॉक्टरांनी पाचही फोटो पाहिले. दरवर्षी हनुवटी आणखी वर गेली होती.

"जन्मापासूनचंच आहे. ऑपरेशन गुरुवारीच करू," त्या म्हणाल्या. "पापणी उचलली जाईल. पण झाकलेला डोळा बघायला शिकलाच नाही. चांगल्या डोळ्यावर पट्टी लावून थोडी नजर आणता येईल, पुरती नाही. तीन वर्षांपूर्वी का नाही आलात?"

मला भाऊजींची कीव आली नाही. खरं सांगतो, बरंच वाटलं.

मग डॉक्टर माझ्याकडे वळल्या. "पाच वर्षं हा डोळा पडद्यावर एवढा मोठा करून तुम्हीच पाहत होतात. तुम्हाला काही दिसलं नाही?"

चिमी माझा हात धरून उभी होती. मी म्हणालो, "मी तो पाहायचो कुठे? मी तो पुसायचो."