पाचव्या खिळ्याचा बोळा

पाचवा खिळा रिकामा होता.

चिमणीने आधी डोळे चोळले. मग टेबलाखाली वाकून पाहिलं, कचऱ्याचा डबा उपडा केला, एप्रनच्या खिशात हात घातला. खिशातून अर्धं बिस्किट निघालं, एक बोटभर पोलादी खुंटा निघाला, पण बोळा काही निघाला नाही. भिंतीवरच्या फळीवर खिळे सात आणि बोळे सहा. सकाळचे सव्वाआठ वाजले होते.

आता तुम्ही म्हणाल, चिंधीचा एक बोळा हरवला तर एवढं काय आभाळ कोसळलं? तर त्याचं असं आहे. स्टेनलेस स्टीलची पातळ नळी वेल्ड करताना तिच्या आत आर्गॉन वायू भरावा लागतो, नाहीतर जोड आतल्या बाजूने जळतो. तो वायू निसटू नये म्हणून नळीच्या तोंडात कापडाचा घट्ट बोळा बसवायचा. काम झालं की बोळा काढायचा. विसरलात, तर तो आतच राहतो, नळी गाडीत बसते, आणि मग बाहेरून साक्षात ब्रह्मदेवालाही कळत नाही. म्हणून बाबांनी फार वर्षांपूर्वी नियम घालून दिला होता. प्रत्येक बोळ्याला लाल दोरा, दोऱ्याला नंबर, नंबराला खिळा. संध्याकाळी खिळे मोजल्याशिवाय शटर ओढायचं नाही म्हणजे नाही.

काल मोजायची पाळी चिमणीची होती. आणि काल संध्याकाळी घोरपडीचं इंजिन पहिल्यांदा सुरू झालं होतं! घोरपड म्हणजे ते एका गिऱ्हाइकासाठी बनवत असलेली रेसची गाडी. जमिनीला अशी चिकटून बसायची की दादाने पहिल्याच महिन्यात तिचं बारसं उरकलं. अडीच वर्षं खपून तिघांनी ती हाताने घडवली होती. पत्रा बाबांचा, इंजिन दादाचं, आणि सीटमागची तेलाची टाकी चिमणीची. फक्त दोन मिनिटं चालवलं इंजिन, पण काय तो आवाज! छातीची फासळी न् फासळी थरथरली. त्या आनंदात चिमणी नाचत घरी गेली आणि मोजायचं राहिलं.

पाच नंबरचा बोळा तिनेच काल सकाळी वापरला होता. टाकीच्या वरच्या नळीचं तोंड सांगाड्याला घासत होतं, ते कापून, दोन बोटं बाजूला सरकवून तिने पुन्हा वेल्ड केलं होतं. बोळा घातलेला तिला लख्ख आठवत होता. काढलेला आठवत नव्हता.

बाहेर ट्रकची फळी धाडकन खाली पडली. दादा गाडी चढवायच्या तयारीला लागला होता. अकरा ते एक शर्यतीचा ट्रॅक चाचणीसाठी त्यांच्या नावाने राखलेला होता.

"दादा, तिला ट्रकवर चढवू नकोस."

"का? घोरपडीला गाडी लागते का?"

"पाच नंबरचा बोळा नाहीये."

दादाचे हात पट्ट्यावर थांबले. "नीट बघ."

"बघितलं."

"परत बघ."

"मी काय बोळ्याने दूध पिते का? तीनदा बघितलं!"

दादा आत आला, फळीसमोर उभा राहिला, आणि एकेका खिळ्याला बोट लावत त्याने स्वतः मोजलं. सहा. मग त्याने आवाज खाली आणला, कारण पलीकडे बाबा दिव्याची काच पुसत होते. "काल तेलाचं प्रेशर आलं होतं. काटा कसा खुंटीसारखा उभा होता. बोळा आत असता तर आलं असतं?"

"दोन मिनिटांत काय कळतंय? तेल थंड, गाडी जागच्या जागी. ट्रॅकवर तेल तापणार, धो धो फिरणार. बोळा सुटून खालच्या तोंडावर बसला की संपलं. इंजिन जाम, मागची चाकं जाम, आणि वेगाचा काटा असेल दोनशेवर."

"बसला तर. आत असेल तर."

"हो. तर."

"त्या 'तर'पायी टाकी काढायची म्हणजे तीन तास. ट्रॅकची पुढची वेळ दीड महिन्यानं आहे, चिमणे. आणि बाबा काय म्हणालेत ते विसरलीस?"

ते विसरायला तिला काय वेड लागलं होतं? या वर्कशॉपमध्ये ज्याने भाग घडवला त्याने त्यावर आपला शिक्का ठोकायचा. बाबांची अर्धी चंद्रकोर, दादाची फुली. चिमणीचा शिक्का अजून कुठेच नव्हता. बाबा म्हणाले होते, "टाकी ट्रॅकवर टिकली तर ठोक. पुढच्या सगळ्या नळ्या, सगळ्या टाक्या तुझ्या. नाही टिकली तर टाक्या बाहेरून करून आणू." त्याच आशेवर तिने जुन्या ड्रिलचा तुकडा महिनाभर चोरून घासला होता आणि त्याच्या टोकाला एक इवलासा पक्षी काढला होता. तोच तो खिशातला खुंटा. टाकीत बोळा सापडला, तर पक्षी खिशातच म्हातारा होणार.

म्हणजे गप्प बसावं, की काय करावं? ट्रकवर चढू दे गाडी. कदाचित बोळा उंदराने नेला असेल. चिमणीने ओठ चावला.

"काय रे पोरांनो, निघायचं ना?"

दारात पायलटबाई उभ्या होत्या. गाडी त्यांची, चालवणार त्याच. चाळीस वर्षं विमानं उडवून निवृत्त झालेल्या, पांढरे केस बारीक कापलेले, काखेत हेल्मेट. त्यांनी घोरपडीच्या पाठीवरून असा हात फिरवला, जसा कुणी झोपलेल्या नातवाच्या फिरवतं.

"बाई, आज नाही चालवायची," चिमणी म्हणाली. तोंडातून निघून गेलं खरं, आणि मग मागे घेता येईना. "माझा एक बोळा सापडत नाहीये. टाकीत असू शकतो."

"असू शकतो की आहे?"

"माहीत नाही."

दादाने कपाळावर हात मारून घेतला. बाबांनी दिव्यावरचं फडकं उचललं, घडी केली, खांद्यावर टाकलं. तिच्याकडे पाहिलंही नाही. एवढंच म्हणाले, "टाकी काढ."

पायलटबाईंनी एक लाकडी खोकं पालथं घातलं आणि त्यावर बसल्या. मांडीवर हेल्मेट.

मग काम सुरू झालं, आणि घड्याळही. मागचं झाकण निघालं. सीट निघाल्या. आठ लिटर तेल धारेने ट्रेमध्ये उतरलं, आणि त्या धारेकडे चौघं असे टक लावून बसले होते की जणू त्यातून साप निघणार आहे. निघालं नुसतं तेल. दहा वाजले. टाकीचे बोल्ट अशा अडचणीत होते की दादाचा हात कोपरापर्यंत आत, गाल पत्र्याला, आणि तोंडाची टकळी चालूच. "हा बोल्ट इथे कुणी दिला? मीच दिला. माझ्यासारखा शहाणा मीच." कुणी हसलं नाही. साडेदहा. अकराला पाच कमी असताना टाकी टेबलावर आली.

चिमणीने आत टॉर्च मारला. तारेचा आकडा घालून कोपरा न् कोपरा चाचपला. नळ्यांत तार घातली, ती आरपार निघाली. टाकी उलटी केली, हलवली.

काही नाही. टाकी आतून आरशासारखी लखलखत होती.

"झालं समाधान?" दादा म्हणाला. रागावून नव्हे, रागावला असता तर बरं वाटलं असतं. पायलटबाईंनी घड्याळ पाहिलं आणि हेल्मेट खाली जमिनीवर ठेवलं. ट्रॅक आत्ता उघडला असेल, मोकळाच.

चिमणीचे कान तापले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. काहीतरी करायचं म्हणून ती तेलाचा ट्रे ओढायला गाडीखाली सरपटली. निदान तिथे तोंड लपवता येत होतं. टॉर्च अजून हातात चालूच होता, त्याचा उजेड सीटखालून जाणाऱ्या लांब नळीवर पडला. ही पाण्याची नळी. पुढच्या रेडिएटरपासून मागच्या इंजिनापर्यंत पाणी खेळवणारी.

नळीवर एक जोड होता. परवापर्यंत तिथे जोड नव्हता.

जोड म्हणजे वेल्डरचं हस्ताक्षरच. चिमणीचा जोड जरा घाईचा, तिरपा. हा एकसारखा होता, नाण्याला नाणं टेकवून ओळ मांडावी तसा. असा हात अख्ख्या वर्कशॉपमध्ये एकाचाच. पण बाबा आपला प्रत्येक जोड ब्रशने घासून चकचकीत करायचे आणि याच्या कडेला मात्र निळी-जांभळी झाक तशीच राहिली होती. घाईत केलेला. कुणी बघायच्या आत केलेला. आणि नळीचं तोंड? टाकीच्या नळीएवढंच. पाच नंबरचा बोळा बरोबर बसेल असं.

ती तशीच पाठीवर पडून राहिली. आत्ता पाच मिनिटांपूर्वी ती सगळ्यांसमोर तोंडावर आपटली होती. आता परत बोलायचं? तेही बाबांबद्दल, गिऱ्हाइकासमोर? आणि इथेही काही निघालं नाही, तर या दारात परत पाऊल टाकता येईल का? मग तिला त्या नळीच्या बरोबर वर सीटची रिकामी जागा दिसली.

"बाबा."

"काय गं?"

"पाण्याच्या नळीवरचा हा जोड... कालचा आहे ना?"

तिला गाडीखालून नुसते पाय दिसत होते. दादाचे, पायलटबाईंचे, बाबांचे. बाबांचे पाय हलत नव्हते.

"तुम्ही दोघं सीट आणायला गेला होतात," बाबा शेवटी म्हणाले. "जॅक घसरला. नळी चेपली. म्हटलं, माझ्या हातून झालंय, कशाला बोभाटा करायचा. तेवढा तुकडा बदलला."

"बोळा?"

बाबांचे पाय फळीकडे वळले. पाचव्या खिळ्यासमोर उभे राहिले. ती बाहेर आली तेव्हा बाबांचा चेहरा खडूसारखा पांढरा झाला होता.

"पान्हा दे," ते दादाला म्हणाले. आणि तो देईपर्यंतही न थांबता त्यांनी त्याच्या हातातून ओढून घेतला.

नळीच्या टोकाची पट्टी सैल झाली, रबरी पाइप सुटला, भसाभस पाणी आलं आणि मग अचानक थेंबाथेंबावर आलं. चिमणीने नळीच्या तोंडात बोट घातलं. बोटाला दोरा लागला. लाल. तिने ओढला. हलेना. दोन्ही हातांनी ओढला, तसा पच्चकन बोळा बाहेर आला, भिजून उंदराएवढा फुगलेला.

"काल दोन मिनिटांत इंजिन तापलंच नाही, म्हणून कळलं नाही," दादा हळूच म्हणाला. "ट्रॅकवर पाणी फिरलंच नसतं. उकळून पाइप फाटला असता. नळी जाते कुठून, तर सीटखालून."

"म्हणजे उकळतं पाणी माझ्या मांडीखाली," पायलटबाई म्हणाल्या.

"हो."

"छान." त्या उठल्या, कपडे झटकले. "दीड महिना मी थांबते. पण त्या दिवशी खिळे मी मोजणार."

बाबांनी मान डोलावली. त्यांनी चिमणीच्या हातातून बोळा घेतला, पिळला, आणि पाचव्या खिळ्याला अडकवला. त्यातून पाणी फरशीवर ठिबकत राहिलं. ते चिमणीकडे वळले.

मग म्हणाले, "शिक्का कुठाय?"

"कसला शिक्का?"

"महिनाभर कोपऱ्यात बसून कानशीने घासत होतीस तो. म्हाताऱ्याला ऐकू येत नाही असं वाटलं का?"

चिमणीने खिशात हात घातला. खुंट्याला बिस्किटाचा चुरा लागला होता. "पण बाबा, टाकी अजून ट्रॅकवर कुठे..."

"सगळ्यांसमोर आत टॉर्च मारून बघितलीयेस. अजून काय बघायचंय? ठोक."

तिने टाकीच्या कानावर, जिथे बोल्ट बसतो त्या जाड पट्टीवर, खुंटा टेकवला. बाबांनी खुंटा धरला नाही, नुसती टाकी धरली, घट्ट. तिने एकच ठोका घातला.

दादा वाकून बघायला लागला. "ही चिमणी आहे की कोंबडी?"

"कोंबडी तर कोंबडी," ती म्हणाली, "पण माझी आहे!"